भिंतीवरचे घोडे

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांची सहल भोपाळला, श्यामला टेकडीवरील जनजातीय संग्रहालयात गेली होती. सहलीची हकिगत मागील अंकात आलीच आहे. येथे आम्ही फक्त एका चित्राविषयी लिहीत आहोत, कारण परतताना बसमध्ये बहुतेक प्रश्न त्याच्याबद्दलच होते.

हे संग्रहालय २०१३ साली सुरू झाले. गोंड, भील, बैगा, कोरकू, कोल, सहरिया आणि भारिया या मध्यप्रदेशातील सात जमातींचे जीवन तेथे पाहायला मिळते. त्या-त्या जमातीच्या कलाकारांनी स्वतः येऊन माती, लाकूड, बांबू, लोखंड यांतून तेथील बरेचसे काम उभे केले आहे. म्हणून कपाटात मांडलेल्या जुन्या वस्तू बघितल्यासारखे तेथे वाटत नाही.

मुलांना आवडले ते पिठोऱ्याचे घोडे. झाबुआ-आलिराजपूरकडचे भील आणि भिलाला, तसेच शेजारच्या गुजरातेतील राठवा, हे चित्र घराच्या भिंतीवर काढवून घेतात. ती शोभेसाठी केलेली सजावट नव्हे, तो फेडलेला नवस आहे. आजारपण टळावे, पीक यावे म्हणून नवस बोलतात आणि सवड झाली की तो फेडतात. आधी भिंत सारवून पांढरी करतात. मग चित्र काढणारा लखिंदरा येतो, बडवा पूजा सांगतो, गाव जमतो. हे घोडे पुरुषांनीच काढायचे, बाईने नाही, अशी रीत आहे. संग्रहालयात आपल्याला चित्र दिसते, पण त्यामागे कोणाचा नवस नसतो, एवढे ध्यानात ठेवून ते पाहावे.

झाबुआ जिल्ह्यातील पिटोल गावच्या भूरीबाई १९८०च्या सुमारास भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करीत होत्या. चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी त्यांना चित्र काढायला सांगितले. काम सोडून बसलो तर मजुरी कोण देणार, ही त्यांची पहिली काळजी! पिठोऱ्याचे घोडे त्यांना काढता येत नव्हते, म्हणून त्यांनी झाडे, पशुपक्षी, आपल्या गावातले दिवस ठिपक्या-ठिपक्यांनी कागदावर उतरवले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या संग्रहालयात त्यांनी आपली जीवनकथाही भिंतीवर रंगवली आहे.

महाराष्ट्रातल्या वारली चित्रांची गोष्ट अगदी उलट आहे, हे मराठी मुलांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. तेथे लग्नाचा चौक सवाशिणींनी लिहायचा असतो, आणि ती कला कागदावर आणून जगापुढे नेली जिव्या सोमा म्हसे या पुरुषाने. भिंतीवरचा नियम कागदाला लागू होत नाही, हे दोघांनीही आपापल्या परीने ओळखले.

इंदूरहून झाबुआ भोपाळपेक्षा जवळ आहे, आणि तेथले लोक बघायला आम्ही भोपाळला गेलो, याचे आम्हाला तेव्हा काहीच वाटले नाही. देवास मागे पडल्यावर आठवीच्या एका मुलीने विचारले, "आपल्या शाळेचा वरचा मजला बांधणारेही झाबुआकडचेच होते ना?"

होते. पाच महिने ते आमच्याच पटांगणात राहिले होते. त्यांतल्या बायकांपैकी एकीचेही नाव आम्हाला सांगता आले नाही.