संगणकाची किल्ली कोणाच्या खिशात?

नांदेडच्या मोंढ्यातील आडत असो वा लातूरच्या गंजगोलाईतील कापडाचे दुकान, उधारीची वही आता संगणकात गेली आहे. गिऱ्हाइकाचा हिशोब ही आपल्याकडील अमानत. वही तिजोरीत ठेवणारे व्यापारी बांधव संगणकाला मात्र एक पासवर्ड लावून निर्धास्त होतात. हा पासवर्ड नेमके काय राखतो?

विंडोज ९५ व ९८ च्या काळातील फॅट या फाइल पद्धतीत कोणती फाइल कोणी पाहावी, याची नोंद ठेवण्याची सोयच नव्हती. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएस पद्धतीत ती झाली. परंतु ही नोंद पाळण्याचे काम चालू असलेली विंडोज करते. डिस्क स्वतः कोणालाच अडवीत नाही. १९९६ साली मार्क रुसिनोविच व ब्राइस कॉगसवेल यांनी एनटीएफएसडॉस हा छोटा प्रोग्राम काढला आणि डॉसच्या फ्लॉपीवरून संगणक सुरू करून या फाइली सरळ वाचता येऊ लागल्या. पहारेकऱ्याला कामावर बोलावलेच नाही, तर तो अडवणार कोणाला?

आज फ्लॉपीच्या जागी पेन ड्राइव्ह आहे, इतकेच. किंवा चार स्क्रू काढून डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली की शेतकऱ्यांच्या पट्ट्या, उधारी, बँकेचे कागद सारे उघडे. बायॉसचा पासवर्डही काढून नेलेल्या डिस्कला लागू होत नाही. दुरुस्तीला दिलेला संगणक दोन-दोन दिवस परक्या टेबलावर असतो, याचा विचार करावा.

इलाज एकच: डिस्कवरील मजकूरच सांकेतिक करणे. २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून त्यासाठी बिटलॉकर आहे. विंडोज ११ च्या प्रो आवृत्तीत तो मिळतो, होममध्ये त्याचेच साधे रूप. टॅलीवाल्यांसाठी टॅली व्हॉल्ट आहे, पण त्याचा पासवर्ड विसरल्यास कंपनीही तो काढून देऊ शकत नाही.

खरी मेख पुढे आहे. बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली हरवली तर मालकालाही आत जाता येत नाही. २०२४ पासून नव्याने बसवलेल्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली की बहुतेक संगणकांवर हे कुलूप आपोआप लागते व किल्ली त्याच खात्यात जमा होते. ते खाते दुकानातील मुलाच्या ई-मेलवर उघडले असेल, तर तिजोरी आपली आणि किल्ली त्याच्याकडे! मुलगा नोकरी सोडून पुण्याला जाण्याआधी ती कागदावर छापून घ्यावी व दुकानाच्या दस्तऐवजांत ठेवावी. गल्ल्यातील बॅकअपच्या पेन ड्राइव्हलाही असेच कुलूप लावावे.