श्रमिकांची शरीरयष्टी, कण्याची लवचिकता व कंबरदुखी

आलापल्ली परिसरातील आपल्या समाजबांधवांचे जीवन आजही मोठ्या प्रमाणात शारीरिक श्रमावर उभे आहे. सागवानाचे ओंडके रचणारा हमाल, आरागिरणीतील कामगार, बांबू तोडणारा मजूर, उन्हाळ्यात तेंदूपाने तोडणाऱ्या व पावसाळ्यात रोवणी करणाऱ्या भगिनी, या सर्वांचे खरे भांडवल म्हणजे त्यांची पाठ. रोजंदारीवर जगणाऱ्याची कंबर धरली की त्या दिवसाची चूल अडते. म्हणून या विषयाची थोडी शास्त्रीय ओळख करून देण्याचा आमचा हा प्रयत्न आहे.

२०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. माणसाला अपंगत्व आणणाऱ्या कारणांत तिचा क्रमांक पहिला लागतो.

कण्याची रचना

पाठीच्या कण्यात मानेचे ७, छातीमागचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ सुटे मणके असतात. त्याखाली माकडहाडापर्यंतचे मणके एकमेकांस जुळलेले असतात. सुट्या मणक्यांच्या मधे पाणीदार गाभ्याच्या चकत्या असून त्या गादीसारखे काम करतात. वाकताना व वजन उचलताना सर्वांत जास्त ताण कमरेच्या शेवटच्या दोन चकत्यांवर येतो.

याचे कारण तरफेच्या नियमात आहे. समजा, २० किलोचे ओझे कण्यापासून ५० सेंटिमीटर पुढे धरले. कण्यामागचे स्नायू चकतीपासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर असतात. म्हणून तोल सांभाळण्यासाठी त्यांना दहापट, म्हणजे २०० किलोइतका जोर लावावा लागतो. तेच ओझे २५ सेंटिमीटरवर आणले की हा जोर निम्मा होतो. ओझे अंगाशी धरावे, असे जुनी माणसे सांगत, त्यात हेच शास्त्र आहे. दोन मीटर लांब व २० सेंटिमीटर व्यासाचा वाळलेला सागवानी ओंडका सुमारे ४० किलो भरतो. ओला असल्यास तो आणखी जड असतो.

शरीरयष्टी आणि लवचिकता

धिप्पाड माणसाची कंबर दुखत नाही, हा समज खरा नाही. केवळ उंची किंवा बांधा पाहून कोणाला कंबरदुखी होईल हे सांगता येत नाही.

लवचिकता मोजण्याची सोपी पद्धत शोबर यांनी १९३७ साली सांगितली. कमरेच्या दोन खळ्यांच्या मधोमध एक खूण व तिच्या १० सेंटिमीटर वर दुसरी खूण करावी. गुडघे न वाकवता पुढे वाकल्यावर हे अंतर साधारणतः १५ सेंटिमीटर होते. विद्यार्थ्यांनी हे टेपने मोजून पाहावे. मात्र त्यावरून रोगाचे निदान करू नये.

पाठ जितकी लवचिक तितकी सुरक्षित, असे अनेकांना वाटते. डेन्मार्कमधील बिअरिंग-सोरेन्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळेच दिसले. ज्या पुरुषांच्या पाठीचे स्नायू अधिक वेळ ताण धरू शकत होते, त्यांना पहिल्यांदा कंबरदुखी होण्याचे प्रमाण कमी होते. उलट, ज्यांची पाठ अतिलवचिक होती त्यांना धोका जास्त होता. वारंवार दुखणे होणाऱ्यांत मात्र कमजोर स्नायू व ताठरपणा आढळला. तात्पर्य, फार ताठ नको आणि फार सैलही नको. मध्यम मार्ग येथेही उपयोगी पडतो.

दुखल्यावर काय करावे?

उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची रीत आपल्याकडे आहे. बहुतेक उसणी काही दिवसांत आपोआप ओसरतात आणि श्रेय त्या पायाला मिळते. दुखऱ्या कण्यावर लाथ किंवा जोराचा दाब मात्र घातक ठरू शकतो. आठवडाभर खाटेवर पडून राहणेही हिताचे नाही. १९९५ साली हेलसिंकी येथील अभ्यासात, सोसेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे रुग्ण अंथरुणावर विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले.

पायातील शक्ती जाणे, मांड्यांमधील जागा बधिर होणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, वजन घटणे, रात्री वाढणारी वेदना असल्यास मणक्याच्या क्षयाची शक्यता डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.

दुखणे ओसरल्यावर शलभासन, सेतुबंधासन व रोजचे चालणे नियमित ठेवावे. तेंदूपाने तोडताना व रोवणीत अधूनमधून उभे राहून पाठ सरळ करावी.

केवळ मजुराला शिकवून भागेल काय?

ओझे उचलण्याची रीत नुसती शिकवल्याने कंबरदुखी टळते, असे संशोधनात सिद्ध झालेले नाही. ओझेच कमी करावे लागते. सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही एका वेळी २३ किलोपेक्षा जास्त उचलू नये, असे अमेरिकेतील १९९१ चे सूत्र सांगते. आपल्याकडे सिमेंटचे पोते ५० किलोचे असते. इजा होईल इतके ओझे कामगाराकडून उचलून घेऊ नये, हे तत्त्व १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३४ ने मान्य केले होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतील आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. श्रमिकाच्या शरीरालाही मर्यादा आहे व ती कायद्याने राखली पाहिजे, हा त्यामागचा विचार होता.

म्हणून आमची सूचना अशी की, जड ओंडका एकट्याने उचलू नये, दोघांनी किंवा चौघांनी मिळून उचलावा. गाडी भरताना दर तासाला थोडी विश्रांती मिळावी, हे मुकादमाशी संघटितपणे बोलून ठरवावे. शिकलेल्या तरुणांनी विहारातील साप्ताहिक सभेत ही माहिती घरोघरच्या श्रमिकांपर्यंत पोहोचवावी. घरातील कर्त्या माणसाची कंबर शाबूत राहिली तरच त्या घरातील मुलांचे शिक्षण अखंड चालेल.