कळसूबाईचे शिखर कसे घडले?

रेल्वेने भाईंदरचा पूल ओलांडताना ओहोटीच्या वेळी खाडीतला काळा गाळ तुम्ही पाहिला असेल. त्यात सह्याद्रीच्या खडकाचा चुरा आहे! उल्हास नदी तो वाहून आणते.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वारंवार बाहेर पडला. थरावर थर साचून बेसॉल्टचे पठार बनले. त्याची झिजलेली पश्चिम कड म्हणजेच सह्याद्री.

मग १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर, कसे घडले? हिमालयाप्रमाणे थरांना वळ्या पडून नव्हे. भोवतालचे थर पावसापाण्याने झिजून गेले, हा भाग उरला.

ही झीज आजही चालू आहे. पावसाळ्यात नदीचे गढूळ पाणी बाटलीत रात्रभर ठेवून पाहा. तळाशी काय साचते?