कोंबडी चार आण्यांची, मसाला किती?

दिवाळी जवळ आली की वसई-विरारमधल्या जूचंद्रमध्ये रांगोळीचे रंग बाहेर निघतात. गावाची ओळखच ती. इथल्या कलाकारांच्या रांगोळ्या पाहायला लांबून माणसं येतात. ज्या घरात बहीण रांगोळी काढते आणि भाऊ गेम खेळतो, तिथे रंगाची बारीक पूड शेवटी कॅबिनेटच्या पंख्यात जाऊन बसते. त्यात मिठागरांवरून येणारी खारी हवा आणि चार महिन्यांचा पावसाळी दमटपणा. माझ्या भाच्याचा फोन आला, “मामा, पीसी गेला. नवाच घ्यावा लागणार. लाखभर लागतील.” जाऊन उघडला तर प्रोसेसरवरचा पंखा गुलाबी झालेला.

म्हणून पहिला खर्च पाचशे रुपयांचा. ब्लोअर मारून घ्या, थर्मल पेस्ट बदला, रॅमच्या पट्ट्या काढून त्यांची सोनेरी टोकं खोडरबराने हलकेच पुसा. भाच्याचा पीसी एवढ्यावर बंद पडायचा थांबला. गेम मात्र अडखळतच होता, आणि खरा हिशेब तिथून सुरू झाला.

अडतंय कुठे, हे मोजायला पैसे लागत नाहीत. एमएसआय आफ्टरबर्नर फुकट मिळतं. गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड कमी पडतंय. तो साठ-सत्तरवर रेंगाळत असेल आणि प्रोसेसरचा एखादा कोअर शंभरला टेकला असेल, तर नवं कार्ड म्हणजे पैसे खाडीत. आणखी एक सोपी परीक्षा: रिझोल्यूशन उतरवून बघा. फ्रेम वाढल्या तर दोष कार्डाचा, जागच्या जागी राहिल्या तर प्रोसेसरचा. रॅमची आठ जीबीची एकच पट्टी असेल तर दुसरी लावून बघितल्याशिवाय पुढचं बोलूच नका. मात्र ती उसनी मिळते का बघा, कारण रॅमचा विषय सध्या नाजूक आहे.

नाजूक म्हणजे असा. २०२५ च्या मध्यापर्यंत सोळा जीबी डीडीआर४ तीन-साडेतीन हजारांत मिळायची. मग एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली, कारखाने तिकडे वळले आणि वर्ष संपता संपता भाव दुप्पट-तिप्पट झाले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला ‘क्रूशियल’ हा किरकोळ ग्राहकांचा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. एसएसडीही मागोमाग महागली. माझ्या मते ‘जुना काढा, नवा घ्या’ या सल्ल्याचं गणित त्यामुळे उलटं झालंय. जुन्या पीसीतली सगळ्यात मोलाची वस्तू कदाचित त्यातली डीडीआर४ रॅमच असेल.

आता कॅबिनेटच्या आत काय आहे ते बघा. पुढचे सगळे आकडे जीएसटीसह आणि मुंबईच्या बाजारातले ढोबळ आहेत. रॅमचा भाव घेण्याच्या दिवशीच विचारावा.

रायझन १६००, २६०० किंवा ३६०० असेल तर तुम्ही नशीबवान. एएम४ सॉकेटच्या बी४५० बोर्डावर बायोस अपडेट करून रायझन ५ ५६०० बसतो, साडेदहा हजारांत. बायोस मात्र जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट करायचा. आधी नवा बसवला आणि पडदा काळा राहिला, अशी रडगाणी मी दोन तरी ऐकली आहेत. जुना प्रोसेसर विकून दोन-तीन हजार परत येतात. अशा माणसाने नवा पीसी घेणं म्हणजे चालत्या बैलाला बाजार दाखवणं.

इंटेलची आठवी ते दहावी पिढी, सहा कोअरचा आय५ असेल तर प्रोसेसरला हात लावू नका. फक्त कार्ड आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी. एक खोच लक्षात ठेवा: आरएक्स ६६००, आरटीएक्स ५०५०, ५०६० ही कार्डं आठच लेन वापरतात आणि हे बोर्ड पीसीआयई ३.० चे आहेत, त्यामुळे कार्डाची मेमरी भरली की चाल थोडी मंदावते. घेऊ नका असं नाही, पण परीक्षणातल्या आकड्यांइतकी अपेक्षा नको.

खरी पंचाईत चौथ्या ते सातव्या पिढीवाल्यांची. चार कोअरचे हे आय५ आजच्या गेमना पुरत नाहीत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरांना अधिकृतपणे घेत नाही. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं. तेव्हा इथे तीस हजारांचं कार्ड लावणं म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

भाच्याचा पीसी नेमका हाच: आय५ ७४००, जीटीएक्स १०५० टीआय, टेराबाइटची हार्ड डिस्क. पण रॅम सोळा जीबी, आणि डीडीआर४. (चौथ्या पिढीत बहुतेक डीडीआर३ असते, ती नव्या बोर्डांत कुठेच चालत नाही.) अख्खा नवा पीसी जोडायचा तर रायझन ५ ७५००एफ साडेचौदा हजार, बी६५० बोर्ड बारा, सोळा जीबी डीडीआर५ सोळा, पाचशे जीबी एसएसडी पाच, पॉवर सप्लाय साडेचार, कॅबिनेट साडेतीन आणि आरटीएक्स ५०५० पंचवीस: ८०,५०० रुपये. मॉनिटर वेगळा. आम्ही मधली वाट धरली. रॅम आणि कॅबिनेट जुनंच ठेवलं. रायझन ५ ५६०० साडेदहा हजार, त्याच्याबरोबर कूलर येतोच. बी५५० बोर्ड साडेसात, एसएसडी पाच, पॉवर सप्लाय साडेचार, तेच कार्ड पंचवीस. बेरीज ५२,५००. जुना बोर्ड, प्रोसेसर आणि कार्ड मिळून सहा हजार येतील असं धरलं तर खिशातून ४६,५००. जुनी रॅम २४०० च्या वेगाची, त्यामुळे रायझन थोडा मागे राहील हे मान्य. त्या थोड्यासाठी अठ्ठावीस हजार जास्त मोजायचे का, हा प्रश्न मी त्याच्या आईला विचारला, त्याला नाही.

एकदम पैसे नसतील तर कार्ड शेवटी घ्या. जुन्या कार्डावर नवा प्रोसेसर निदान सुरळीत चालतो. कार्ड, पॉवर सप्लाय आणि एसएसडी पुढच्या पीसीतही जातात, म्हणून तिथे हात आखडू नका; प्रोसेसर आणि बोर्डावर मात्र उगाच चढती बोली नको. बोर्ड बदलला की विंडोजचं लायसन्स अडू शकतं. पीसीबरोबर आलेलं ओईएम लायसन्स जुन्या बोर्डाशी बांधलेलं असतं. वेगळं विकत घेतलेलं असेल तर आधी ते मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून ठेवा.

पॉवर सप्लायबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माझे हात तिथे पोळलेत. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ आलेला पाचशे वॅटचा डबा मी चार वर्षं वापरला. एका पावसाळ्यात वीज जा-ये करत असताना तो फुटला आणि बोर्ड घेऊन गेला. साडेपाचशे वॅटचा, ब्राँझ दर्जाचा, पाच वर्षं वॉरंटीचा सप्लाय घ्या. यूपीएसच्या खोक्यावरच्या ६०० व्हीएला भुलू नका. तो साधारण ३६० वॅटच देतो. घर तळमजल्यावर असेल तर कॅबिनेट टेबलावर ठेवा. जुलै २०१८ चा वसई-विरारचा पूर आठवत असेल.

विजेचाही हिशेब करा. तीनशे वॅटचा पीसी रोज चार तास चालला तर महिन्याला ३६ युनिट. युनिटला बारा रुपये धरले तर सव्वाचारशे-साडेचारशे. महावितरणच्या बिलात शंभर युनिटांच्या पुढे दर चढतो आणि गेमचे युनिट बहुतेक तिथेच पडतात.

जीटीए ६ साठी आत्ताच पीसी घेणाऱ्यांनी थांबावं. जाहीर झालेली १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सची आहे. पीसीचं नाव त्यात नाही.

जुनं कार्ड घेताय? जीपीयू-झेडमध्ये तपासा, समोर अर्धा तास गेम चालवून बघा. आरएक्स ५८० म्हणून २०४८एसपी ही कमी ताकदीची आवृत्ती गळ्यात मारली जाते. जीटीएक्स १००० मालिकेला एनव्हिडियाने नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं २०२५ मध्ये थांबवलं, तेव्हा पाच हजारांतलं १०६० स्वस्त वाटलं तरी सोडून द्या. बिल नसेल तर वॉरंटी नाही असंच धरा.

खरेदीसाठी जवळच्या नायगावहून चर्चगेट लोकल, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. निघण्यापूर्वी ऑनलाइन भाव कागदावर लिहून न्या. पुढे तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. त्यासाठी बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या. दुकानदार नाही म्हणाला तर वाद घालू नका. लॅमिंग्टन रोडवर पुढचं दुकान दहा पावलांवर असतं.