उल्हास नदीच्या मुखावरील फिरंगी नगर

यूरोपांतील एखादें पुरातन नगर डोळ्यांनीं पाहावें, अशी इच्छा इतिहास व भूगोल शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास केव्हां ना केव्हां होतेच. परंतु द्रव्याच्या व सवडीच्या अभावीं तो प्रवास बहुधा नकाशावरच आटोपावा लागतो. सुदैवानें यूरोपीय धर्तीवर वसविलेलें एक नगर, तट, वेशी, मठ व ख्रिस्तमंदिरें यांसह, एका दिवसांत पाहून येतां येईल इतक्या अंतरावर आहे. आणि विशेष हें कीं, तें आमच्याच नदीवर आहे. राजमाचीच्या डोंगराळ प्रदेशांतून निघून कर्जत व बदलापूर या गांवांवरून आमच्या उल्हासनगराजवळ येणारी, आणि कल्याणच्या पुढें खाडीचें रूप घेणारी उल्हास नदी जेथें समुद्रास मिळते, तेथें वसईचा किल्ला आहे. अंबरनाथच्या शिवालयाजवळून वाहणारी वालधुनीही अखेरीस याच पाण्यांत मिसळते.

हिवाळ्यांतील एका रविवारीं आम्ही हें नगर पाहावयास गेलों. दिवा स्थानकावर गाडी बदलली म्हणजे भिवंडी, खारबांव, कामण व जूचंद्र या मार्गानें वसईस जातां येतें. मात्र या मार्गावर गाड्या थोड्या. वेळापत्रक आधीं पाहून ठेवलें नाहीं तर दादरचा वळसा पत्करावा लागतो. स्थानकापासून किल्ल्यापर्यंत बस मिळते.

इ. स. १५३४ च्या डिसेंबरांत गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें, हुमायून बादशहाच्या भीतीनें व्याकुळ होऊन, वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीजांस देऊन टाकला. मुंबईचीं बेटेंही त्यांतच आलीं. पुढें दोनशें वर्षांहून अधिक काळ हें नगर त्यांच्या उत्तरेकडील प्रांताची राजधानी होतें. इ. स. १६७५ च्या सुमारास येथें आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर यानें दुमजली भव्य घरें, झांकलेले सज्जे आणि कांचेऐवजीं शिंपल्यांचीं तावदानें बसविलेल्या मोठमोठ्या खिडक्या यांचें वर्णन केलें आहे. तटाच्या आंत राहण्याचा मान मुख्यत्वें पोर्तुगीज सरदारांचा; एतद्देशीय व्यापारी व कारागीर यांस दिवसभर काम करून रात्र पडण्यापूर्वीं वेशीबाहेर जावें लागे. हें वाचलेलें मनांत ठेवून वेशींतून आंत शिरलें म्हणजे त्या जाड भिंती कोणासाठीं होत्या, हा विचार आल्यावांचून राहत नाहीं.

आंत शिरल्यावर प्रथम नजर वेधतो तो सेंट जोसेफच्या मंदिराचा उंच मनोरा. येथील एका शिलालेखावरून आलेइशो द मेनेझिस हे आर्चबिशप असतांना, इ. स. १६०१ सालीं, या मंदिराचा जीर्णोद्धार झाल्याचें कळतें. फ्रान्सिस्कन मठाच्या मंदिरांत जमिनीकडे पाहून चालावें, कारण तेथील फरशी म्हणजे थडग्यांच्या शिळाच होत. त्यांवर पोर्तुगीज अक्षरें व कुलचिन्हें कोरलेलीं आहेत. अक्षरें झिजलीं असलीं तरी सालांचे आंकडे कोठें कोठें लागतात, आणि तेवढेंच शोधण्यांत आमच्यापैकीं कित्येकांचा अर्धा तास गेला. जेसुइट मंदिराचा दर्शनी भाग व त्याचे खांब अद्याप डौलदार आहेत. वाटाडे भुयारांच्या कथा मोठ्या रंगवून सांगतात. आमच्या मतें त्या ऐकण्यापेक्षां या भिंतींकडे नीट पाहणें अधिक लाभाचें आहे.

पाहावयाचें काय, तें थोडें सांगतों. या सर्व मंदिरांचीं छपरें गेलीं आहेत, कमानी मात्र उभ्या आहेत. छपराचें लांकूड कोंकणच्या पावसांत कुजून गेलें, कांहीं लोकांनीं नेलें. कमानींतले दगड मात्र एकमेकांस रेटून धरतात. वरचा भार जों जों अधिक, तों तों त्यांची पकड घट्ट. आमच्या अंबरनाथचें देवालय शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चें. तेथें खरी कमान नाहीं व चुनाही नाहीं. घडीव दगड एकावर एक असे पुढें पुढें सरकवीत नेऊन छत साधलें आहे. वसईस दगडगोट्यांची भिंत चुन्यांत बांधून दर्शनी जागीं तेवढा घडीव दगड बसविलेला दिसतो. दोन्ही ठिकाणें एकाच महिन्यांत पाहिलीं तर बांधकामाच्या या दोन रीतींतील भेद पुस्तकावांचून ध्यानांत येईल.

वसईकरांचा एक मोठा मान येथेंच सांगितला पाहिजे. पोर्तुगीज पिता व कोंकणांतील माता यांच्या पोटीं याच नगरांत जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे इ. स. १५९७ च्या फेब्रुवारींत जपानांतील नागासाकी येथें क्रुसावर हुतात्मा झाले, व १८६२ सालीं त्यांस संतपद देण्यांत आलें.

नगराची उतरती कळा मराठे येण्यापूर्वींच लागली होती. १६१८ च्या मे महिन्यांतील वादळानें मंदिरांचीं छपरें उडविलीं. १६७४ सालीं मस्कतचे सुमारें सहाशें अरब किनाऱ्यावर उतरून तटाबाहेरचीं मंदिरें लुटूं लागले, तेव्हां आंतील शिबंदी वेशी लावून स्वस्थ बसली. १६९५ सालीं आलेल्या जेमेल्ली करेरी या इटालियन प्रवाशास नगराचा बराच भाग सांथीमुळें ओसाड दिसला. त्यानंतर १७३९ सालीं चिमाजी आप्पांचा वेढा पडला. तीन बाजूंस खाडी, समुद्र व दलदल असल्यामुळें हल्ला उत्तरेकडूनच करणें प्राप्त होतें. तेथें सुरुंग लावून सेंट सेबास्टियनचा बुरूज उडविण्यांत आला. मराठ्यांचेही हजारों लोक पडले.

मे महिन्यांत तह झाला. पोर्तुगीजांस सन्मानानें, शस्त्रें व चीजवस्तु घेऊन, आठ दिवसांत नगर सोडण्याची मुभा मिळाली. शिबंदी प्रथम मुंबईस इंग्रजांच्या आश्रयास व पुढें गोव्याकडे गेली. हा भाग वाचून दाखविला तेव्हां आमच्या मंडळींतील एका मुलीनें विचारलें, "आठ दिवसांत माणूस घरांतलें काय काय घेईल?" प्रश्न सहज होता, पण १९४७ सालीं सिंधमधून निघालेल्या कुटुंबांनीं ज्या छावणींत संसार मांडला, आणि जिला १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव मिळालें, तेथील मुलांस त्याचें उत्तर घरच्या आजी-आजोबांकडूनच मिळण्यासारखें आहे. विजय आमच्या लोकांचा होता व त्याचा अभिमान आम्हांस आहेच. तरी त्या मे महिन्यांत सागरी वेशींतून बाहेर पडणाऱ्या कुटुंबांचें चित्र इतिहासाच्या पुस्तकांत दोन ओळींहून अधिक जागा मिळण्याच्या योग्यतेचें आहे.

तटाच्या आंतील नगर असें रिकामें झालें. तटाबाहेरचें मात्र टिकलें. वसईचे ख्रिस्ती शेतकरी व कोळी आपल्या मराठी बोलींसह आजही तेथेंच नांदत आहेत. सागरी वेशीबाहेर किल्लाबंदराचे कोळी बोंबील वाळत घालतात. पोर्तुगीजांचे शब्द तर आमच्या जिभेवर इतके रुळले आहेत कीं, चावी, पगार, लिलाव, तुरुंग, बिजागरी व घमेलें हे परके आहेत, असें सांगितलें तर कोणास खरें वाटणार नाहीं.

एक गोष्ट पाहून मात्र खेद झाला. भारतीय पुरातत्त्व खात्यानें संरक्षित केलेल्या या भिंतींवर खिळ्यांनीं व रंगांनीं असंख्य नांवें कोरलेलीं व लिहिलेलीं आहेत, आणि त्यांतील बरींचशीं शाळेच्या वयाच्या मुलांचीं दिसतात. थडग्यांच्या शिळांवरील मजकूर आधींच झिजलेला. त्यावर नवा ओरखडा पडला म्हणजे जुनें अक्षर कायमचें गेलें.

या नगराचा एक अवशेष पाहावयाचा राहिला, तो वसईंत नाहीं. विजयानंतर येथील ख्रिस्तमंदिरांच्या घंटा महाराष्ट्रांतील देवळांत नेण्यांत आल्या. भीमाशंकर येथें एक आहे. वाईजवळ मेणवली येथें एक आहे. आणि नाशिकास गोदातीरीं नारोशंकराच्या देवळावर जी मोठी घंटा टांगलेली आहे, तिजवर १७२१ हें साल आहे. नाताळच्या सुट्टींत जे कोणी नाशिकास जातील, त्यांनीं ती अवश्य पाहावी व तिजवरील अक्षरें उतरून आणावीं.