हिवाळ्यात कुत्र्याला पळविण्यापूर्वी अंग गरम करा

कारवानी कुत्रा रात्रभर साखळीने बांधून ठेवायचा आणि पहाटे सोडून लगेच मोटारसायकलमागे पळवायचा, अशी अनेकांची सवय असते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ही सवय महागात पडते. धावताना कुत्रा अचानक लंगडू लागतो आणि कित्येक दिवस कामातून जातो.

असे का होते?
कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान सुमारे ३८.३ ते ३९.२ अं.से. असते. थंडीत ते टिकविण्यासाठी कातडीकडे व पायांकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो. स्नायू आखडतात व सांधे ताठरतात. अशा स्थितीत एकदम वेग घेतल्यास स्नायूंचे तंतू तुटू शकतात. कारवानी कुत्र्याचे केस आखूड व अंगावर चरबी कमी, त्यामुळे त्याला थंडी लवकर बाधते.

अंग गरम करण्याची पद्धत
१) प्रथम पट्टा धरून ५ मिनिटे साध्या चालीने फिरवावे. शौच व लघवी याच वेळी होऊ द्यावी.
२) नंतर ३ मिनिटे दुडक्या चालीने न्यावे.
३) इंग्रजी आठच्या आकारात दोन्ही बाजूंना सावकाश वळवावे.
४) शेवटी २० ते ३० मीटरच्या दोन-तीन धावा निम्म्या वेगाने घ्याव्यात. मगच मोकळे सोडावे.

कडाक्याच्या थंडीत, तसेच वयस्क कुत्र्यासाठी वेळ वाढवावा. थंड अंगाचे पाय हाताने ओढून ताणू नयेत. अंग गरम झाल्यावर कुत्र्याला बराच वेळ उभे ठेवल्यास ही क्रिया पुन्हा करावी.

इतर काळजी
रात्री कोरड्या जागी पोते अंथरून आडोशाला बांधावे. पोटभर खाऊ घातल्यानंतर किमान दोन तास पळवू नये. खोल छातीच्या कुत्र्यात पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. पळवून झाल्यावर ५ ते १० मिनिटे चालवावे, अंग ओले असल्यास पुसावे व पाणी पाजावे.

कुत्रा लंगडत असेल, पाय टेकत नसेल किंवा हात लावताच ओरडत असेल तर पळविणे ताबडतोब थांबवून पशुवैद्यकास दाखवावे. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी कुत्र्यास विषबाधा होऊ शकते.