मानवी सुरक्षा : वाईट बातमी वरपर्यंत पोहोचते का?



‘सुरक्षा’ हा शब्द फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा, काय आठवतं? सैनिक, रणगाडा, पोलीस, कुलूप अशी उत्तरं येतील. ती चूक नाहीत, पण अपुरी आहेत. सीमेवर मोठं सैन्य उभं आहे, पण घरातल्या डब्यात धान्य नाही. मग त्या घरातला माणूस सुरक्षित म्हणायचा का? सातवी-आठवीच्या मुलांशी या प्रश्नावर छान चर्चा होते. त्यासाठी हा पाठ.

मानवी सुरक्षा म्हणजे काय?

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या १९९४ च्या मानव विकास अहवालात ही कल्पना ठळकपणे मांडली गेली. त्यामागे पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक होते. सुरक्षा देशाच्या सीमेपुरती मोजू नका, माणसापासून मोजा, असं त्यांचं म्हणणं. अहवालात सुरक्षेचे सात प्रकार आहेत : आर्थिक, अन्न, आरोग्य, पर्यावरण, वैयक्तिक, समुदायाची आणि राजकीय.

यातला सातवा प्रकार अनेकांना चैनीचा वाटतो. ‘आधी पोट भरू दे, बोलण्याचं स्वातंत्र्य नंतर बघू,’ असं आपण सहज म्हणतो. पण बोलायची सोय नसेल तर पोटही भरत नाही, हे इतिहासात दिसलं आहे.

चीन, १९५८ ते १९६१

माओ त्से-तुंग यांनी १९५८ मध्ये ‘मोठी झेप’ नावाची मोहीम सुरू केली. शेतं सामुदायिक झाली. घरच्या चुली बंद होऊन गावाची एकच खानावळ आली. माणसं शेतातून काढून परसातल्या भट्ट्यांवर पोलाद करायला लावली. कोणाचं पीक जास्त, याची गावागावांत चढाओढ लागली. खरा आकडा सांगणारा अधिकारी ‘मागासलेला’ ठरायचा, म्हणून प्रत्येक जण आकडा वाढवूनच वर पाठवायचा. सरकार त्या कागदावरच्या पिकाच्या हिशोबाने धान्य उचलायचं. गावात खायला उरलं नाही, तरी परदेशी धान्य निर्यात होत राहिली.

कुणी बोललं नाही का? बोललं. संरक्षणमंत्री पेंग दहुआई यांनी १९५९ मध्ये लुशान इथल्या बैठकीच्या वेळी माओंना पत्र लिहून मोहिमेतल्या चुका सांगितल्या. त्यांचं पद गेलं. मंत्र्याची ही गत, तर तालुक्याचा कारकून काय बोलणार? हेनान प्रांतातल्या शिनयांग भागात तर उपाशी लोकांनी बाहेर जाऊन बोभाटा करू नये म्हणून रस्ते अडवले, टपालातली पत्रंही रोखली.

या दुष्काळात किती माणसं गेली? अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात.

कृती : फुगणारं पीक

सात मुलं ओळीत उभी करा. पहिला शेतकरी, शेवटचा राजधानीतला मंत्री. शेतकऱ्याचं खरं पीक १० पोती. नियम एकच : आधीच्यापेक्षा कमी किंवा तेवढाच आकडा सांगेल तो बाद. मंत्र्यापर्यंत आकडा ३० वर गेला असं धरू. मंत्री म्हणतो, फक्त एक-तृतीयांश धान्य द्या. म्हणजे १० पोती! शेतकऱ्याच्या घरात उरलं शून्य. गणित बरोबर, नियमही वरवर न्याय्य, तरी घर उपाशी. मग मुलांना विचारा : यात वाईट कोण होतं? बहुतेक मुलं एक खलनायक शोधतील. हळूहळू त्यांच्या लक्षात येईल की प्रत्येक जण घाबरलेला होता. भीतीपासून मुक्ती का महत्त्वाची, हे इथे न सांगता कळतं.

आपल्याकडे काय झालं?

अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी एक महत्त्वाचं निरीक्षण मांडलं : जिथे निवडणुका होतात आणि वर्तमानपत्रं मोकळी असतात, तिथे मोठा भूकबळींचा दुष्काळ पडत नाही. इंग्रजी राजवटीत १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख लोक गेले. सरकार लोकांना उत्तर द्यायला बांधील नव्हतं.

आता महाराष्ट्राचा १९७२ चा दुष्काळ बघा. घरातल्या आजी-आजोबांना विचारा. खडी फोडणं, सुकडी, मिलो हे शब्द लगेच निघतील. पीक बुडालं, हाल अतोनात झाले. पण मोर्चे निघाले, विधानसभेत प्रश्न विचारले गेले, वर्तमानपत्रांनी लिहिलं. सरकारला दुष्काळी कामं काढावीच लागली. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसं त्या कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा पुढे १९७७ मध्ये कायदा झाला.

मुलांना अर्धवट चित्र मात्र देऊ नका. मत देता आलं म्हणजे सगळं झालं असं नाही. रोजची अर्धपोटी भूक, कुपोषण हे लोकशाहीतही टिकून राहतं, कारण त्याची मोठी बातमी होत नाही. सेन यांनीही हे स्पष्ट सांगितलं आहे.

लपवलेलं कसं शोधतात?

मोठ्या वर्गातल्या मुलांना हेही सांगा की हा एक अभ्यासविषय आहे. पीएचडीनंतर पाठ्यवृत्ती घेऊन तरुण संशोधक एकाधिकारशाहीतल्या माणसांच्या सुरक्षेचा अभ्यास करतात. अडचण अशी, की तिथले सरकारी कागदच खोटं बोलतात. मग जनगणना कामी येते. चीनच्या १९५३, १९६४ आणि १९८२ च्या जनगणना शेजारी ठेवल्या की मधली हरवलेली माणसं दिसू लागतात. यांग जिशेंग या पत्रकाराचे वडील १९५९ मध्ये उपासमारीने गेले. सरकारी वृत्तसंस्थेत नोकरी करत त्यांनी प्रांतोप्रांतीची दप्तरं तपासली. त्यांचा अंदाज ३ कोटी ६० लाखांचा. २००८ मध्ये त्यांचं पुस्तक हाँगकाँगमध्ये निघालं. मुख्य चीनमध्ये त्यावर बंदी आहे.

आपल्यासाठी

वर्ग आणि घर हीसुद्धा छोटी राज्यंच आहेत. ‘सर, मला हे कळलं नाही’ असं म्हणणाऱ्या मुलाला आपण काय वागणूक देतो? ‘आई, मार्क कमी पडले’ हे वाक्य घरात न घाबरता बोलता येतं का? मूल खरं सांगायला घाबरलं, की आपल्या वहीतले आकडेही फुगायला लागतात, आणि उपाशी राहतं ते त्याचं शिकणं. वाईट बातमी आणणाऱ्याला आधी ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणा, बाकीचं नंतर.

चर्चेसाठी प्रश्न

१. सुरक्षेच्या सात प्रकारांपैकी आपल्या गावात कोणता सगळ्यात कमजोर आहे?
२. पेंग दहुआई यांचं ऐकलं असतं तर काय बदललं असतं?
३. गावातली अडचण वरपर्यंत पोहोचवायचे कोणकोणते मार्ग आपल्याकडे आहेत? ग्रामसभेपासून यादी करा.
४. घरातल्या मोठ्यांकडून १९७२ ची एक आठवण लिहून आणा.

कृती वर्गात घेतलीत तर मुलांची उत्तरं जरूर कळवा.